झेंडा कोणाच्या हातचा?



वर्षावासाचे दिवस आहेत. सिंदेवाहीच्या आसपासच्या बांध्यांमध्ये रोवणी आटोपत आली आहे. दिवसभर चिखलात वाकून पाठ दुखत असली तरी बाया संध्याकाळी हातपाय धुऊन विहारात येतात, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन ऐकतात आणि मगच घरची चूल पेटवतात. अशाच एका संध्याकाळी वाचन संपल्यावर शिवणकाम करणाऱ्या एका उपासिकेने आम्हाला प्रश्न केला, “भाऊ, पंधरा ऑगस्टचे हे एवढे झेंडे येतात कुठून जी? माझी मशीन तर घरी रिकामी पडून हाये.”

प्रश्न साधा होता, पण आम्हाला त्याचे उत्तर चटकन देता आले नाही. झेंड्याला वंदन कसे करावे हे शाळेने शिकवले. झेंड्यासाठी प्राण देणाऱ्यांच्या कथाही आम्ही ऐकल्या. आपल्या शेजारच्या चिमूरचा १९४२ चा ऑगस्ट महिना तर साऱ्या देशाला ठाऊक आहे. परंतु झेंड्याचे सूत कोणी कातले, कापड कोणी विणले, शिलाई कोणी मारली आणि त्या हाताला किती पैसे मिळाले, हे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही कधी विचारले नाही. या आठवड्यात आपण तेच पाहू.

प्रथम एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवू या. हा तिरंगा परका नाही, तो आपलाही आहे. राष्ट्रध्वज ठरविण्यासाठी जून १९४७ मध्ये घटना समितीने जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद होते आणि सभासदांमध्ये परमपूज्य बाबासाहेब होते. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने ध्वजाचा ठराव मंजूर केला. पूर्वीच्या झेंड्यावरचा चरखा गेला आणि त्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरील चक्र आले. चोवीस आऱ्यांचे ते धम्मचक्र आज प्रत्येक कचेरीवर फडकते. ज्यांना गावाच्या विहिरीला हात लावू दिला जात नव्हता, त्यांच्या धम्माचे चिन्ह देशाच्या माथ्यावर गेले, ही लहान गोष्ट नव्हे.

त्या दिवशी पंडित नेहरूंनी सभागृहात दोन झेंडे सादर केले होते, एक रेशमी आणि दुसरा सुती खादीचा. म्हणजे कापडाचा विचार पहिल्या दिवसापासूनच होता. पुढे १९५१ साली वस्तूंच्या दर्जाची सरकारी मानके निघाली, तेव्हा ‘आयएस १’ म्हणजे अगदी पहिल्या क्रमांकाचे मानक राष्ट्रध्वजाचे निघाले. कापडाचे वजन, धाग्यांची संख्या, रंगाची छटा, शिलाई, चक्राचा व्यास या सर्वांचे मोजमाप त्यात ठरले. सर्वात मोठा ध्वज ६३०० मिलिमीटर लांब आणि ४२०० मिलिमीटर रुंद, तर सर्वात लहान १५० बाय १०० मिलिमीटर, असे एकूण नऊ आकार ठरले. हाताने कातलेल्या आणि हाताने विणलेल्या खादीचाच ध्वज ग्राह्य धरला गेला. २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या ध्वजसंहितेतही हीच अट होती. शिवाय सरकारी प्रसंगी मानक संस्थेचा शिक्का असलेलाच ध्वज वापरावा, असे संहितेने बजावले आहे.

आता या अटीची खुबी पाहा. ‘सरकारने झेंडा देशातच तयार झालेला घ्यावा’ असे वाक्य लिहिण्याची गरजच पडली नाही. हाताने कातलेली आणि हाताने विणलेली खादी म्हटली की ती याच देशातली, बहुतेक करून खेड्यातली, आणि तिच्यात बायामाणसांची मजुरी आलीच. एका ‘खादी’ शब्दाने विलायती मालालाही कुंपण घातले आणि मोठ्या गिरणीलाही.

या कुंपणाच्या आत कोण काम करीत होते? कर्नाटकात हुबळीजवळ बेंगेरी येथे १९५७ साली स्थापन झालेला कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ आहे. मानक संस्थेचा शिक्का असलेले ध्वज तेथे तयार होतात आणि देशभर जातात. तेथील कामगारांमध्ये बायांची संख्या मोठी आहे. सूत कातणे, विणणे, रंगविणे, चक्र छापणे, पट्टे शिवणे आणि दोरी बसविणे अशा पायऱ्यांनी एक ध्वज पुरा होतो. चक्र कापडाच्या दोन्ही बाजूंनी नेमके एकावर एक पडावे लागते. जरा सरकले की ध्वज बाद. आपल्या महाराष्ट्रात नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती हे काम करते. तिच्या ध्वजाचे कापड उदगीरकडून येते. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी हे आपल्यासाठी सणाचे दिवस, पण या लोकांसाठी ते वर्षाच्या पोटापाण्याचे दिवस.

३० डिसेंबर २०२१ रोजी केंद्र सरकारने ध्वजसंहितेत दुरुस्ती केली. हातकताई आणि हातविणाईच्या जोडीला ‘यंत्राने तयार केलेले’ हे शब्द आले, आणि सूत, लोकर, रेशीम यांच्या जोडीला पॉलिएस्टर आले. पुढच्याच वर्षी ‘हर घर तिरंगा’ मोहीम निघाली. सुमारे २० कोटी घरांचे उद्दिष्ट जाहीर झाले. टपाल कचेरीत २५ रुपयांना झेंडा मिळू लागला. खादीच्या ध्वजाला वस्तू व सेवा कराची जी माफी होती, ती यंत्राच्या आणि पॉलिएस्टरच्या झेंड्यालाही लागू असल्याचे सरकारने सांगितले. बेंगेरीच्या लोकांनी २०२२ साली या दुरुस्तीविरुद्ध निदर्शने केली. ज्या वर्षी देशात सर्वाधिक झेंडे फडकले, त्याच वर्षी झेंडा करणारे हात चिंतेत पडले.

तेव्हा तयार झालेल्या झेंड्यांपैकी कित्येकांचे पट्टे लहानमोठे होते, कित्येकांचे चक्र एका बाजूला सरकलेले होते. वर्तमानपत्रांतून त्याच्या तक्रारीही आल्या. घाईने आणि स्वस्तात करून घेतलेल्या कामाचे असेच होते.

आता कोणी म्हणेल, गरिबाच्या झोपडीवर २५ रुपयांत तिरंगा लागला, यात वाईट काय? आम्ही म्हणतो, काहीच वाईट नाही. आमच्या मजूर मायबहिणीने खादीचा महाग झेंडा घ्यावा असा आग्रह आम्ही धरणार नाही. तिने स्वस्त झेंडा घ्यावा आणि मानाने लावावा. तिचा पैसा तिच्या घामाचा आहे. परंतु सरकारचा पैसा साऱ्यांच्या घामाचा असतो. सरकार लाखांनी झेंडे विकत घेते, तेव्हा त्याला नुसता भाव पाहून चालत नाही. हा झेंडा स्वस्त झाला म्हणजे कोणाची मजुरी स्वस्त झाली, याचे उत्तर त्याने दिले पाहिजे.

हा प्रश्न केवळ आपल्याच देशात उठला असे नाही. अमेरिका यंत्रांचा देश. तेथे झेंडा हाताने विणण्याची अट कधीच नव्हती, नायलॉन आणि पॉलिएस्टरचे झेंडे तेथे सर्रास चालतात. तरीही अमेरिकेचा झेंडा चीनमधून येतो, ही गोष्ट तेथील लोकांना खटकू लागली. मिनेसोटा राज्याने २००७ साली कायदा केला की राज्यात विकला जाणारा अमेरिकेचा झेंडा अमेरिकेतच तयार झालेला असावा. केंद्र सरकारच्या खरेदीत झेंड्याचा निम्मा माल देशी असला तरी चालत असे. जुलै २०२४ मध्ये नवा कायदा झाला आणि सरकारने घ्यावयाचा झेंडा पूर्णपणे देशी मालाचा आणि देशातच तयार झालेला असावा असे ठरले. लहान रकमेच्या खरेदीला आणि माल मिळतच नसेल तेव्हा सूट आहे. पण तत्त्व स्पष्ट आहे. झेंडा यंत्राने करा की हाताने, सरकारी पैसा देशातल्या कामगाराच्या घरी गेला पाहिजे.

आपल्याकडे उलटे झाले. खादीच्या अटीत देशी मालाची हमी लपलेली होती. अट सैल केली, पण हमीचे वेगळे कलम त्याच जागी लिहिले नाही. २०१९ साली सरकारने संहितेत न बसणाऱ्या तिरंग्याच्या आयातीवर बंदी घातली होती. परंतु संहिताच रुंद केली की त्या बंदीची भिंत आपोआप ठेंगणी होते. कुंपण काढायचे असेल तर आधी दार बसवावे, एवढे तर आमचा साधा शेतकरीही जाणतो.

येथे आमचे काही तरुण मित्र हटकतील. म्हणतील, “तुम्ही आंबेडकरवादी असून खादीचा कैवार कसा घेता?” हा आक्षेप योग्य आहे आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. आपल्या शेजारच्या तालुक्याचे सावली गाव खादीच्या कामाचे जुने केंद्र. १९३६ साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन तेथे झाले आणि गांधीजी तेथे आले. त्याच वर्षी ३१ मे रोजी बाबासाहेब मुंबईला महार परिषदेत ‘मुक्ती कोन पथे?’ हा सवाल करीत होते. चरख्याने जात तुटत नाही हे आपल्या लोकांना तेव्हाच कळले होते. १९४५ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी गांधीवादाची झडती घेताना सांगितले की दोष यंत्राचा नाही. यंत्रामुळेच माणसाला ढोरमेहनतीतून सुटका आणि मनाच्या वाढीसाठी फुरसत मिळू शकते. दोष आहे तो यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा.

म्हणून आम्ही खादीचे भक्त नव्हे आणि पॉलिएस्टरचे वैरीही नव्हे. आमचा प्रश्न कापडाचा नाही, त्यामागच्या हाताचा आहे. आणि हा हात आपल्या ओळखीचा आहे. जुन्या मध्यप्रांतात जाडेभरडे कापड विणण्याचा धंदा महार समाजाचा होता. सरकारी ग्रंथांतून त्याची नोंद आहे. गावचा कुणबी जे धोतर नेसून नांगर धरी, ते पुष्कळदा आपल्या आज्या-पणज्यांच्या मागावरचे असे. पुढे गिरण्या आल्या. १८७७ साली नागपूरला एम्प्रेस मिल सुरू झाली आणि खेड्यातील माग एकेक करून बंद पडले. माग गेला तरी गिरणीत विणकरी मिळेल म्हणावे, तर तेथेही जात आडवी आली. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात पगार अधिक होता, पण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धागा सवर्ण कामगाराला चालत नसे, म्हणून आपल्या लोकांना विणाई खात्याचे दार बंद होते. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. पिढ्यान्पिढ्या विणणाऱ्या माणसाला विणण्याच्याच खात्यात मज्जाव, असा तो न्याय होता.

यंत्र आले की काम जाते, आणि नवे काम येते तेव्हा दारावर जात उभी असते. हा धडा आपण एकदा शिकलो आहोत. पुन्हा शिकण्याची हौस नाही.

खादीच्या कुंपणातही सारे सुखाचे होते असे मुळीच नाही. कातणाऱ्या बाईला मजुरी गुंडीवर मिळते. एक गुंडी म्हणजे १००० मीटर सूत. एप्रिल २०२३ मध्ये गुंडीचा दर साडेसात रुपयांवरून १० रुपये झाला, ऑक्टोबर २०२४ मध्ये साडेबारा आणि एप्रिल २०२५ मध्ये १५ रुपये. म्हणजे २०२३ पूर्वी एखाद्या बाईने दिवसाला वीस गुंड्या काढल्या तरी तिच्या पदरात दीडशे रुपये पडत. आज पंधराच्या दराने तीनशे पडतील. तिरंग्याला सलामी देणाऱ्या अधिकाऱ्याचा एका दिवसाचा प्रवासभत्ता किती, याचा हिशेब वाचकांनीच करावा. तेव्हा ‘खादी वाचवा’ एवढे म्हणून भागणार नाही. कातणारी, विणणारी आणि शिवणारी वाचली पाहिजे.

संविधानाचे कलम ४३ हेच सांगते. प्रत्येक कामगाराला निर्वाहापुरते वेतन आणि माणसासारखे जीवन मिळावे, तसेच ग्रामीण भागात कुटीरोद्योग वाढावेत, असा प्रयत्न राज्याने करावा. कुटीरोद्योगाची भर मूळ मसुद्यात नव्हती. नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ती दुरुस्ती आली आणि बाबासाहेबांनी ती मान्य केली. वेतन आणि ग्रामोद्योग एकाच कलमात एकाशेजारी बसले, हे आम्हाला फार अर्थपूर्ण वाटते. मजुरीविना ग्रामोद्योग ही शोभेची गोष्ट ठरते.

तथागतांच्या अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहे. आपण तिचा अर्थ सांगताना म्हणतो, दुसऱ्याला इजा न करता पोट भरावे. खरेदी करणाऱ्यालाही हा नियम लागू आहे असे आम्हाला वाटते. दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन मिळालेला स्वस्तपणा सम्यक कसा म्हणावा?

आता त्या उपासिकेच्या प्रश्नाकडे परत येऊ. ती म्हणते, “आम्हाले का नाही देत हे काम?” आम्ही तिला खोटी आशा दाखवणार नाही. सरकारी कचेरीवर लावायच्या ध्वजाला मानक संस्थेचा परवाना लागतो आणि तो घरच्या एका मशीनवर मिळत नाही. परंतु हात जोडून बसण्याचेही कारण नाही. तीन गोष्टी आपल्याला करता येतील.

पहिली गोष्ट, विचारणे. २००५ चा माहितीचा अधिकार कायदा कशासाठी आहे? आपली नगरपंचायत, पंचायत समिती, तहसील यांनी झेंडे किती घेतले, कोणाकडून घेतले, काय भावाने घेतले आणि त्यांवर मानक संस्थेचा शिक्का आहे काय, असा अर्ज कोणताही नागरिक करू शकतो. शुल्क १० रुपये, आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही माफ. ३० दिवसांत उत्तर दिले पाहिजे. आपल्या शिकलेल्या मुलांनी नोकरीच्या अर्जांबरोबर वर्षातून एक अर्ज असाही लिहावा.

दुसरी गोष्ट, हक्काचा वाटा मागणे. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय खाती आणि सार्वजनिक कंपन्यांनी आपल्या वार्षिक खरेदीचा ठराविक भाग लहान उद्योगांकडून घ्यावयाचा आहे. २०१८ पासून तो २५ टक्के आहे. त्यातच ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून आणि ३ टक्के स्त्रियांच्या उद्योगांकडून घ्यावे असे लिहिले आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या यादीत स्थान मिळाले, म्हणून हा वाटा आपलाही आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळसा खाणी आहेत, भद्रावतीला आयुधनिर्माणी आहे. त्यांना फलक, पडदे, पिशव्या, गणवेश असे शिवलेले कितीतरी सामान लागते. लहान उद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी फुकट होते. पाच-सहा बायांनी मिळून नोंदणी केली, तर निदान दार ठोठावता येईल. ठोठावल्याशिवाय ते आपणहून उघडणार नाही, हा आपला अनुभव आहे.

तिसरी गोष्ट सर्वात सोपी, आणि म्हणूनच आपण ती विसरतो. सरकारला विचारण्याआधी स्वतःला विचारू. १४ एप्रिलला गावोगाव निळे झेंडे लागतात. बुद्धपौर्णिमेला विहारावर पंचशील ध्वज चढतो. १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीचे स्मरण करताना वस्त्यांत पताका लागतात. हे झेंडे आपण कोठून आणतो? बाजारातून गठ्ठ्याने, सर्वात स्वस्त मिळेल तेथून. रंग पहिल्या पावसात उतरतो, कापड उसवते आणि पंचशील ध्वजाच्या पट्ट्यांचा क्रमसुद्धा अनेकदा चुकलेला असतो. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी आणि मग या पाचांचा एकत्र सहावा पट्टा, असा तो क्रम आहे. १८८५ साली कोलंबोत तयार झालेला हा ध्वज १९५० साली श्रीलंकेतील जागतिक बौद्ध परिषदेने साऱ्या जगासाठी स्वीकारला. त्या परिषदेला बाबासाहेब स्वतः उपस्थित होते. असा ध्वज चुकीच्या क्रमाने लावणे आपल्याला शोभत नाही.

जयंती मंडळाची वर्गणी आपलीच, झेंडे आपलेच आणि शिवणारे हात मात्र परके, आणि तिकडे आपल्या बहिणीची मशीन बंद, हे काही बरे नाही. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी जानेवारीतच वस्तीतील शिवणाऱ्या बायांना बोलवावे, कापड घाऊक आणून द्यावे, शिलाईचा रास्त दर ठरवावा आणि तो वेळेवर हातात द्यावा. झेंड्यामागे चार रुपये अधिक पडतील, पण ते चार रुपये आपल्याच वस्तीतल्या चुलीपर्यंत जातील. अमेरिकेच्या सरकारला जे कायदा करून करावे लागले, ते आपली मंडळे एका बैठकीत ठरवू शकतात.

जाता जाता घरातील मुलांसाठी थोडे. तिरंगा लावताना केशरी पट्टा वर असावा. लांबी आणि रुंदी यांचे प्रमाण ३:२ असावे. चक्र नेमके मध्यभागी आणि त्याचे आरे चोवीस असावेत, मुलांना ते मोजायला लावावेत. फाटका किंवा रंग उतरलेला ध्वज लावू नये. ध्वज जमिनीला लागू देऊ नये, त्यावर काही लिहू नये. कागदी झेंडे कार्यक्रमानंतर रस्त्यावर टाकू नयेत. जीर्ण झालेला ध्वज चारचौघांत न दाखवता, मानाने जाळून नष्ट करावा. आणि पुढच्या वेळी मुलांना एक प्रश्न अवश्य विचारावा, हा झेंडा कोणी शिवला असेल रे?

त्या संध्याकाळी विहारातून निघताना ती उपासिका म्हणाली, “निळ्या झेंड्याचं कापड आणून द्या भाऊ, चौदा एप्रिलच्या आधी शंभर शिवून देतो.” आम्ही तिला हो म्हणून आलो आहोत. कापड आणून देण्याची जबाबदारी आता आमची, आणि वाचकहो, तुमच्या गावी ती तुमची.

जयभीम. नमो बुद्धाय.